डोळ्यांवरचा आळ

७ नोव्हेंबर १८९६ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एका पानाचं टिपण छापून आलं. लिहिणारे डॉक्टर विल्यम प्रिंगल मॉर्गन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सीफर्ड या लहानशा गावात वैद्यकी करत. टिपण होतं पर्सी एफ. या चौदा वर्षांच्या मुलाविषयी. अंगानं चांगला वाढलेला, खेळात चपळ, बोलण्यात तल्लख, समंजस आईबापांचा मुलगा. सातव्या वर्षापासून शाळा आणि शिकवण्या चालू होत्या. सात वर्षं घासूनही त्याला वाचता येत नव्हतं.

मॉर्गननी त्याचे डोळे तपासले, नजर उत्तम होती. मग त्याला ओळी लिहायला सांगितल्या. त्यानं जे लिहिलं ते शब्द म्हणजे खऱ्या शब्दांचे मोडके अवशेष होते: सुरुवातीचं अक्षर बहुधा बरोबर, मधली अक्षरं गाळलेली किंवा भलतीच, शेवट अंदाजानं. स्वतःचं नाव त्यानं ‘प्रेसी’ असं लिहिलं, आणि चूक आहे हे एकदा सांगूनही त्याच्या लक्षात आलं नाही. तोच मुलगा ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार भराभर आणि अचूक करून दाखवत होता. नऊ आकडी संख्या सहज वाचत होता. बीजगणिताचं सूत्र वाचताना कुठं अडखळत नव्हता. (चार गुणिले अर्धा मात्र त्याला जमलं नाही, मॉर्गननी हेही प्रामाणिकपणे नोंदवून ठेवलं.) कित्येक वर्षं त्याला शिकवणाऱ्या मास्तरांचं म्हणणं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा पोरगा शाळेत पहिला आला असता. वडिलांनी सांगितलं की मुळाक्षरं शिकतानाच इतका त्रास झाला, की ती याला कधी येतील असं घरात कुणाला वाटेना.

आज आपण ज्याला डिस्लेक्सिया म्हणतो, त्याचं लहान मुलातलं हे पहिलं सविस्तर वैद्यकीय वर्णन. सव्वाशे वर्षांनंतरही त्यातली लक्षणं जशीच्या तशी पटतात. वय, बुद्धी आणि मिळालेली शिकवणी यांच्या मानानं वाचन फार मागे. स्पेलिंग त्याहून वाईट. बोलणं आणि समज मात्र ठणठणीत. मॉर्गननी आणखी एक गोष्ट नेमकी ओळखली. हे दुखणं अपघातानं आलेलं नाही, जन्मतः आहे, आणि त्याचं मूळ मेंदूच्या डाव्या भागात असावं, असं त्यांनी लिहिलं. गावातल्या एका डॉक्टरनं एका मुलाकडे नीट पाहून एवढं सगळं सांगितलं. पुढच्या शंभर वर्षांत मोठमोठ्या तज्ज्ञांनी यातलं बरंचसं आधी विस्कटलं आणि मग पुन्हा शोधून काढलं.

असा मुलगा १८९६ मध्येच का दिसला? त्याआधी असे मुलगे जन्माला येत नव्हते थोडेच! पण इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा १८७० चा, हजेरीची सक्ती १८८० पासूनची. त्याआधी वाचता न येणारा माणूस नांगर धरायचा, जहाजावर जायचा, सुतारकाम करायचा. त्याला कुणी रोगी म्हणत नसे. प्रत्येक मुलाला वाचता आलंच पाहिजे असं समाजानं ठरवल्यावरच न वाचणारं मूल डोळ्यांवर येतं. त्याच सुमारास, १८९३ साली, सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानातल्या अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला होता. तिथल्या शाळेत पर्सीसारखा कुणी असेलच, पण त्याला तपासायला मॉर्गन कुठून येणार?

मॉर्गन यांना हे सुचलं ते एका डोळ्याच्या डॉक्टरचा लेख वाचून, आणि पुढच्या सगळ्या गोंधळाचं बीज इथंच आहे. वाचता येईनासं झालं की माणूस पहिल्यांदा चष्म्याच्या दुकानाकडे वळतो. एकोणिसाव्या शतकातही तसंच होतं. १८८७ च्या ऑक्टोबरात पॅरिसमधल्या एका सुशिक्षित, वयस्क गृहस्थाला अचानक अक्षरं ओळखता येईनाशी झाली. वैद्यकीय इतिहासात ते ‘मस्य सी.’ म्हणून प्रसिद्ध आहेत. चष्मा बदलायला हवा अशा समजुतीनं ते नेत्रतज्ज्ञ लांडोल्ट यांच्याकडे गेले. लांडोल्टनी ओळखलं की प्रकरण आपल्या हद्दीतलं नाही, आणि त्यांना मेंदूविकारतज्ज्ञ जोसेफ ज्यूल देजेरिन यांच्याकडे धाडलं. देजेरिननी जे पाहिलं ते चक्रावून टाकणारं होतं. मस्य सी. सांगाल ते सरळ लिहीत, पण लिहून झाल्यावर स्वतःचंच लिखाण त्यांना वाचता येत नसे. आकडे कळत. समोरच्या अक्षराच्या रेषांवरून बोट फिरवलं की ते अक्षर ओळखू येई, नुसतं पाहून नाही. जानेवारी १८९२ मध्ये त्यांचं निधन झालं. देजेरिननी शवविच्छेदन केलं, तेव्हा मेंदूच्या डाव्या मागच्या भागात आणि दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या तंतूंच्या मागच्या टोकाशी जुनी इजा सापडली. डोळे पाहत होते, पण पाहिलेलं अक्षर भाषेपर्यंत पोचायची वाटच बंद झाली होती.

अशा मोठ्या माणसांच्या दुखण्याला जर्मनीत अडोल्फ कुसमाउल यांनी १८७७ मध्ये ‘शब्दांधता’ हे नाव दिलं होतं. श्टुटगार्टचे रुडॉल्फ बर्लिन यांनी दहा वर्षांनी ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द पुढं आणला. हे बर्लिनही नेत्रतज्ज्ञच. आणि ज्यांच्या लेखानं मॉर्गन जागे झाले ते ग्लासगोचे जेम्स हिन्शेलवूड, तेही डोळ्यांचे शल्यविशारद. डिसेंबर १८९५ च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी फ्रेंच-जर्मन शिकवणाऱ्या एका मास्तरांची हकिकत दिली होती. अठ्ठावन्न वर्षांच्या या मास्तरांना एका सकाळी विद्यार्थ्याची वही तपासायला घेतल्यावर कळलं की आपल्याला वाचताच येत नाही. मॉर्गननी हे वाचलं आणि त्यांना पर्सी आठवला. मोठ्यांचं येत असलेलं वाचन जातं, तर काही मुलांना ते येतच नसेल का, हा दुवा त्यांनी जोडला. हा दुवा जोडणं हेच त्यांचं कर्तृत्व.

पुढची वीस वर्षं हा विषय हिन्शेलवूड यांच्या हातात राहिला. त्यांनी मुलं गोळा केली, तपासली, घरांची माहिती काढली. १९०७ मध्ये त्यांनी एकाच घरातल्या चार भावांची हकिकत छापली, म्हणजे हे रक्तातून येतं हे तेव्हाच दिसत होतं. १९१७ साली त्यांचं ‘कंजेनिटल वर्ड-ब्लाइंडनेस’ हे पुस्तक आलं. त्यांची कल्पना अशी की मेंदूत अक्षरांच्या आणि शब्दांच्या चित्रांची वेगवेगळी कोठारं असतात आणि या मुलांचं शब्दचित्रांचं कोठार अधू असतं. ही कल्पना आज कुणी मानत नाही. पण त्यांनी सांगितलेला उपाय पाहा. मुलाला वर्गात सगळ्यांदेखत वाचायला उभं करू नका. त्याला एकट्याला शिकवा. एका बैठकीत तासभर रगडण्यापेक्षा दिवसातून अनेकदा थोडं थोडं घ्या. शब्दाचं अख्खं चित्र पाठ करायला लावण्यापेक्षा जुन्या पद्धतीनं एकेक अक्षर शिकवा, आणि अक्षरांचे ठोकळे हातात देऊन डोळ्याच्या मदतीला स्पर्शही घ्या. आजचा जाणता विशेष शिक्षक यात फारसं काही बदलणार नाही.

कारणाची मांडणी चुकीची आणि उपाय बरोबर, हा या इतिहासातला चमत्कारिक प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. त्याचं दुसरं, आणि मोठं, उदाहरण अमेरिकेत घडलं.

सॅम्युएल टॉरी ऑर्टन हे आयोवा राज्यातल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख. १९२५ मध्ये त्यांनी ग्रीन काउंटी या शेतकऱ्यांच्या मुलखात फिरता दवाखाना नेला आणि शाळांना सांगितलं, तुमच्याकडची ‘ढ’ किंवा नापास होणारी मुलं पाठवा. आलेल्या मुलांत एम. पी. हा सोळा वर्षांचा मुलगा होता. त्याला जवळपास काहीच वाचता येत नव्हतं. बुद्धिमापन चाचणीत त्याचा गुणांक आला ७१. दुसरा कुणी असता तर तिथंच शिक्का मारून मोकळा झाला असता. ऑर्टन त्याच्याशी बोलत बसले, त्याला यंत्रांविषयी प्रश्न विचारले, आणि त्यांच्या लक्षात आलं की हा आकडा या मुलाचा नाही, चाचणीचा आहे. जी परीक्षा वाचनावर आणि शाळेत मिळवलेल्या माहितीवर उभी आहे, ती वाचता न येणाऱ्याची बुद्धी काय मोजणार? हा मुद्दा त्यांनी १९२५ मध्येच छापून मांडला.

ऑर्टन यांना आणखी एक गोष्ट दिसली. ही मुलं इंग्रजी ‘बी’ आणि ‘डी’ यांत गोंधळत, शब्द उलटे वाचत, आणि त्यांच्यातल्या काहींना आरशातलं लिखाण बरं वाचता येई. त्यावरून त्यांनी मांडलं की अक्षराचा ठसा मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांत उमटतो, एक सुलटा आणि एक उलटा. सर्वसाधारण मुलात डावा अर्धगोल वरचढ होतो आणि उलटा ठसा दबून जातो. या मुलांत हे वर्चस्वच ठरत नाही, म्हणून दोन ठशांची सरमिसळ होते. कल्पना देखणी होती, म्हणूनच टिकली. डिस्लेक्सिया म्हणजे उलटं दिसणं ही समजूत आजही घरोघरी आहे, ती बरीचशी इथून आली. आळ पुन्हा डोळ्यांवर, निदान नजरेवर, गेला.

पण याच ऑर्टन यांच्याबरोबर काम करताना अ‍ॅना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन या न्यूयॉर्कच्या दोन शिक्षिकांनी शिकवण्याची एक शिस्तशीर पद्धत बांधली. एक आवाज, त्याचं अक्षर, ते अक्षर गिरवताना होणारी हाताची हालचाल, तिन्ही एकाच वेळी. मूल अक्षर पाहतं, त्याचा उच्चार मोठ्यानं करतं, तो ऐकतं, आणि बोटानं किंवा पेन्सिलनं काढतं. सोप्याकडून अवघडाकडे, एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरी नाही. १९३० च्या दशकात त्यांचं शिक्षकांसाठीचं मार्गदर्शक पुस्तक निघालं. आज जगभर, मुंबई-पुण्यातही, डिस्लेक्सियासाठी जे उपचारात्मक शिक्षण चालतं त्याचा सांगाडा हाच आहे. ज्या सिद्धान्ताच्या आधारानं ही पद्धत उभी राहिली तो पडला, पद्धत उभी राहिली ती राहिलीच. मला यात शिक्षिकांचा मोठेपणा जास्त दिसतो. त्या रोज मुलासमोर बसत होत्या. काय चालतं आणि काय नाही हे त्यांना सिद्धान्ताच्या आधी कळत होतं.

डोळ्यांवरचा आळ पुसला गेला तो १९७० च्या दशकात, आणि तो पुसणारे लोक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्र आणि भाषा यांचे अभ्यासक होते. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीचे फ्रँक वेल्युटिनो यांनी एक साधा, पण मर्मावर बोट ठेवणारा प्रयोग केला. वाचता न येणाऱ्या आणि चांगलं वाचणाऱ्या, अशा दोन्ही गटांतल्या मुलांना त्यांनी हिब्रू अक्षरं दाखवली. ही लिपी दोघांनाही अनोळखी होती. अक्षरं झाकून ती आठवणीनं काढायला सांगितली. दोन्ही गटांनी ती सारखीच काढली. डोळा अधू असता, किंवा आकार उलटे दिसत असते, तर इथंही फरक पडायला हवा होता. तो पडला नाही. आकार लक्षात राहत होता. त्या आकाराला आवाज चिकटत नव्हता.

मग आवाजाचं काय बिनसतं? कनेटिकटच्या इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये लहान मुलांना लाकडी दांडीनं मेजावर ठोके द्यायला सांगितले. शब्दात एका दमात उच्चारले जाणारे जेवढे तुकडे, तेवढे ठोके: हे चार वर्षांच्या जवळपास निम्म्या मुलांना जमलं. मग त्याहून बारीक भाग, म्हणजे सुटे सुटे ध्वनी, मोजायला सांगितले. ते त्या वयाच्या एकालाही आलं नाही. पहिलीच्या अखेरीस दहातल्या सात मुलांना तेही येऊ लागलं. बोलताना ध्वनी एकमेकांत विरघळलेले असतात. ‘कप’ म्हणताना तोंड ‘क्’ वर थांबून ‘अ’ कडे वळत नाही. वाचायला शिकायचं तर ते वेगळे करून ऐकता यावे लागतात, कारण अक्षरं त्यांचीच चिन्हं आहेत. बहुतेक मुलं हे शाळेत नकळत उचलतात. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला ते जमत नाही, किंवा फार कष्टानं जमतं. १९८३ मध्ये ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की चार-पाच वर्षांच्या मुलांना यमक किती ओळखता येतं, यावरून ती पुढं कशी वाचतील याचा अंदाज करता येतो. सुमारे चारशे मुलांचा त्यांनी काही वर्षं माग काढला होता. काहींना ध्वनींचे खेळ खेळवले, आणि ज्यांना त्या खेळाबरोबर अक्षरंही दाखवली, त्यांचं वाचन सगळ्यांत सुधारलं.

म्हणजे बालवाडीत बडबडगीतं म्हणताना यमक न लागणारं मूल हे पहिलं चिन्ह. मॉर्गन यांच्या पर्सीला कुणी यमकं विचारलीच नव्हती.

मेंदूकडे प्रत्यक्ष पाहायची संधी याच सुमारास मिळाली. डिस्लेक्सिया असल्याचं माहीत असलेला वीस वर्षांचा एक तरुण पडून मरण पावला. बोस्टनमध्ये अल्बर्ट गॅलाबर्डा आणि थॉमस केम्पर यांनी त्याच्या मेंदूचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि १९७९ मध्ये निष्कर्ष छापला. डाव्या अर्धगोलातल्या भाषेच्या भागात मज्जापेशींचे लहान लहान पुंजके भलत्याच थरात जाऊन बसलेले होते. पेशी आपापल्या थरात पोचण्याचं काम गर्भाच्या मधल्या महिन्यांत होतं. म्हणजे शाळा, मास्तर, आईचे लाड, टीव्ही या सगळ्यांच्या कितीतरी आधी. आणखी काही मेंदूंत त्यांना असंच दिसलं. नमुने मोजकेच होते, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत बांधता येत नाही. तरी मॉर्गन यांनी ८३ वर्षांपूर्वी केवळ अंदाजानं दाखवलेली डावी बाजू बरोबर निघाली. १९९८ मध्ये येल विद्यापीठाच्या सॅली आणि बेनेट शेविट्झ यांनी जिवंत माणसं वाचत असताना त्यांच्या मेंदूची प्रतिमा घेतली, तेव्हाही डाव्या अर्धगोलाचा मागचा भागच कमी उजळलेला दिसला. २००१ मध्ये इंग्रजी, फ्रेंच आणि इटालियन बोलणाऱ्या डिस्लेक्सिक माणसांची तुलना झाली. मेंदूतली खूण तिघांत एकच. पण इटालियनांचं वाचन इतरांपेक्षा बरं, कारण त्यांची लिपी उच्चारांशी इमानदार आहे आणि इंग्रजीची नाही. दुखणं एकच, त्याचा जाच मात्र लिपी ठरवते.

आनुवंशिकतेचं गाठोडं सोडवायला मात्र फार काळ लागला. १९५० मध्ये स्वीडनच्या बर्टिल हालग्रेन यांनी २७६ जणांच्या घराण्यांचा अभ्यास करून हे पिढीजात आहे असं ठामपणे सांगितलं. त्यांना वाटलं एकच जनुक असावा. १९८३ पासून एकेका गुणसूत्राकडे बोट दाखवणं सुरू झालं आणि दर वेळी वर्तमानपत्रांत ‘डिस्लेक्सियाचा जनुक सापडला’ असा मथळा आला. २०२२ मध्ये डिस्लेक्सियाचं निदान झाल्याचं सांगणाऱ्या ५१,८०० प्रौढांची जनुकं दहा लाखांहून अधिक इतरांशी ताडून पाहिली गेली. जनुकसाखळीवर ४२ ठिकाणं सापडली, आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. एक जनुक, एक दोष, एक गोळी असा हा मामला नाही.

हे सगळं प्रयोगशाळेत चालू होतं तेव्हा बाहेर वेगळंच भांडण पेटलं होतं. लंडनमध्ये १९६२ साली एका धर्मादाय संस्थेनं शब्दांध मुलांसाठी केंद्र काढलं. मेंदूविकारतज्ज्ञ मॅक्डॉनल्ड क्रिचली डिस्लेक्सियावर पुस्तकं लिहीत होते. पालकांच्या संघटना उभ्या राहत होत्या. १९७२ मध्ये ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. नेमक्या त्याच वर्षी सरकारनं नेमलेल्या टिझर्ड समितीनं सांगून टाकलं की डिस्लेक्सिया हा शब्द टाळावा, नुसतं ‘विशिष्ट वाचन-अडचण’ म्हणावं. शिक्षणखात्यात आणि वर्तमानपत्रांत टोमणा ठरलेला होता: आपलं मूल मठ्ठ आहे हे मान्य करायला लाजणाऱ्या मध्यमवर्गीय आयांनी काढलेलं हे सभ्य नाव आहे. या टोमण्यात खोटेपणा होता तसा एक खरा सलही होता. तपासणीला पैसे लागत, त्यामुळे तपासली जाणारी मुलं सुस्थितीतलीच असत. पण त्यावरून गरिबाघरी डिस्लेक्सिया नसतोच असं ठरवणं म्हणजे आजारी माणूस दवाखान्यापर्यंत पोचला नाही म्हणून त्याला निरोगी म्हणण्यासारखं. सरकारची खरी धास्ती पैशांची होती, असं माझं मत आहे. नाव मान्य केलं की शिक्षक द्यावे लागतात.

त्या काळात वेल्समधल्या बँगरचे टिम माइल्स यांनी निमूटपणे एक उपयोगी काम केलं. त्यांनी नुसत्या वाचनाकडे न पाहता या मुलांच्या बाकीच्या लहानसहान अडखळण्यांची नोंद ठेवली. डावं-उजवं पटकन सांगता न येणं, महिन्यांची नावं उलट क्रमानं म्हणताना घसरणं, लांबलचक शब्द बोलताना अक्षरं इकडची तिकडं होणं, ऐकलेले आकडे उलट क्रमानं सांगता न येणं, आणि पाढे. माइल्सच्या चाचणीतला मुलगा सहाचा पाढा म्हणता म्हणता मध्येच विचारतो, मी कुठं होतो? आपल्याकडे पाढे न येणं हा आळशीपणाचा बिनतोड पुरावा समजला जातो. समजत सगळं असूनही क्रमानं पाठ राहत नाही, अशा मुलाला या एका गोष्टीसाठी मराठी घरांत किती मार बसला असेल!

मुलींचीही गोष्ट सांगायला हवी. हा मुलग्यांचा विकार आहे असं हिन्शेलवूडपासून सगळे म्हणत आले. शेविट्झ दांपत्यानं कनेटिकटमध्ये ४४५ मुलामुलींचा बालवाडीपासून पाठपुरावा केला आणि १९९० मध्ये निष्कर्ष छापला. शाळांनी निवडून पाठवलेल्यांत मुलगे मुलींच्या दुपटी-चौपटीनं होते. संशोधकांनी प्रत्येकाला स्वतः तपासलं तेव्हा फरक किरकोळ उरला. नंतरच्या मोठ्या पाहण्यांत मुलग्यांचं प्रमाण काहीसं जास्तच भरलं, पण शाळा दाखवत होत्या तेवढं कुठंच नाही. न वाचणारा मुलगा वर्गात दंगा करतो म्हणून दिसतो. न वाचणारी मुलगी मागच्या बाकावर गप्प बसून राहते.

महाराष्ट्रात हा विषय सरकारदरबारी पोचला १९९६ मध्ये. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत अधिकृत सवलती देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. जादा वेळ, लेखनिक, स्पेलिंगच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेऐवजी दुसरा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही त्याच वर्षीची. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी महापालिकेच्या दवाखान्यात ही तपासणी आणली, ही गोष्ट लहान नाही. लंडनमध्ये जे पैसेवाल्यांचे लाड म्हणून हिणवलं गेलं ते इथं केसपेपर काढून होऊ लागलं. देशाचा कायदा मात्र वीस वर्षं मागून आला. १९९५ च्या अपंगत्वाच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात हा नव्हता. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार झाले, तेव्हा विशिष्ट अध्ययन अक्षमता पहिल्यांदा आत आली.

मधल्या काळात, २१ डिसेंबर २००७ ला, ‘तारे जमीन पर’ प्रदर्शित झाला. अमोल गुप्ते यांनी लिहिलेल्या या चित्रपटानं जे काम केलं ते शंभर परिपत्रकांनी झालं नसतं. डिस्लेक्सिया हा शब्द तालुक्याच्या गावापर्यंत गेला. पण त्यातलं सगळ्यांना आठवणारं दृश्य कोणतं? फळ्यावरची, पुस्तकातली अक्षरं नाचतात ते. पडद्यावर ध्वनी दाखवता येत नाही, चित्र दाखवता येतं, त्यामुळे दिग्दर्शकाची अडचण समजते. परिणाम एवढाच झाला, की वेल्युटिनोंनी तीस वर्षांपूर्वी निकालात काढलेली नजरेची कल्पना नव्या कपड्यांत घरोघर गेली. आजही पालक पहिला प्रश्न विचारतात, त्याला अक्षरं उलटी दिसतात का? पाच-सहा वर्षांपर्यंत बहुतेक सगळीच मुलं अक्षरं उलटी काढतात. आणि डिस्लेक्सिया असलेली कित्येक मुलं कधीच काढत नाहीत.

मराठी वाचणाऱ्या मुलात काय पाहायचं, याकडे आपण फार उशिरा वळलो. सुरुवातीच्या चाचण्या इंग्रजीच्या, आणि तपासली जाणारी बरीच मुलं इंग्रजी माध्यमाची. देवनागरी उच्चारांशी इमानदार आहे हे खरं, पण तिच्या स्वतःच्या अडचणी आहेत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि नंतर उच्चारायची. जोडाक्षरात अर्धं अक्षर कुठं लपलंय ते शोधायचं. एकच ‘र’ कधी डोक्यावर, कधी पायाशी, कधी पोटात. हिंदी वाचणाऱ्या मुलांवरच्या अभ्यासात पहिल्या वेलांटीच्या शब्दांशी वेग मंदावतो असं दिसलं आहे. मराठी मुलात म्हणून पाहायचं ते हे: काना-मात्रा गाळणं, जोडाक्षर फोडून वाचणं, पहिलं अक्षर पाहून शब्द ठोकून देणं, ओळखीचा शब्द पुढच्याच ओळीत अनोळखी होणं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तिसरी-चौथीतही वाचनाला गती न येणं. नुसते ऱ्हस्व-दीर्घ चुकणं यात धरू नका, नाहीतर अर्धा महाराष्ट्र आणि बरेचसे संपादक रुग्ण ठरतील. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीसाठी तयार केलेला ‘डाली’ हा चाचणीसंच २०१५ मध्ये आला. मॉर्गन यांच्या टिपणानंतर ११९ वर्षांनी.

आणि कायद्यात हे अपंगत्व आलं तरी २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत अट होती की बुद्ध्यंक ८५ च्या वर असेल तरच पुढची तपासणी करायची. आयोवाचा एम. पी. ७१ वर होता. या नियमानं तो दारातूनच परत गेला असता. शाळांनी चाळणी करायची तीही तिसरीत किंवा आठव्या वर्षी. तोपर्यंत मुलाची तीन वर्षं वाया गेलेली असतात आणि ‘आपण ढ’ हे त्याच्या मनात पक्कं बसलेलं असतं. म्हणून पहिली-दुसरीच्या शिक्षकांना आणि पालकांना सांगणं आहे: मुलाचे डोळे आणि कान एकदा तपासून घ्या, ते ठीक निघाले तर चष्म्याच्या, व्यायामाच्या आणि टॉनिकच्या मागं लागू नका. घरात काका, मामा, आजोबा कुणाला वाचायचा असाच त्रास होता का ते विचारा. यमक लागतं का, शब्दातला पहिला आवाज सुटा करून सांगता येतो का, ते पाहा. येत नसेल तर प्रमाणपत्राची वाट न पाहता, रोज थोडा वेळ, आवाज, अक्षर आणि हात तिन्ही एकत्र घेऊन शिकवायला लागा. निदान नंतर चुकीचं ठरलं तरी या शिकवण्यानं कोणत्याही मुलाचं नुकसान होत नाही.